सतरा नंबरची नळी

रोकडे मॅडम वाळू दाताखाली घेऊन बघायच्या. बी.एस्सी. झाल्यावर मी चाकणच्या ज्या फौंड्रीत नोकरीला लागले, तिथल्या वाळूच्या लॅबमध्ये पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं. साच्यांसाठी कालवलेल्या काळ्या वाळूचा डबा टेबलावर होता. मॅडमनी त्यातली चिमूट उचलली, पुढच्या दातांमध्ये धरली, डोळे मिटून हळूच दात घासले. मग बेसिनपाशी जाऊन चूळ भरली आणि वहीत लिहिलं, ‘बारीक माती जास्त वाटते.’ त्यानंतर तीच वाळू त्यांनी धुतली, सुकवली, एकावर एक रचलेल्या चाळण्यांमधून हलवली आणि तासाभराने आकडा काढला. माती खरंच जास्त निघाली.

“आधीच कळलं होतं, मग एवढं चाळत कशाला बसलात मॅडम?” मी विचारलं.

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने होते. एकावर ‘दिसलं’, दुसऱ्यावर ‘वाटलं’.

“जे दिसलं ते इथे लिहायचं. जे वाटलं ते शेजारी. दोन्ही लिहायचं, पण एकात एक मिसळायचं नाही. आणि डोक्यात काही ठेवायचं नाही. डोकं दमतं. वही दमत नाही.”

सुजाता रोकडे हे त्यांचं पूर्ण नाव. मी भेटले तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, बारीक, थोड्या वाकून चालणाऱ्या. डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. राहायला काळेवाडीत, आईबरोबर. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत मशीनवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. मॅडम पहाटे उठून आईचं सगळं आवरायच्या, दोन वेळचं रांधून ठेवायच्या, शेजारणीकडे किल्ली द्यायच्या आणि सहाची कंपनीची बस पकडायच्या. मीही काळेवाडीतच खोली घेऊन राहत होते, त्यामुळे रोज आमची जागा शेजारी-शेजारी. सकाळी बस लवकर पोचायची. परतताना मात्र चाकणच्या चौकात तास-तास अडकून पडायची. ट्रक, कंटेनर, रिक्षा, सगळे एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून उभे. बसमधले लोक वैतागायचे, कुणी उतरून चालू पडायचे. मॅडम खिडकीला डोकं टेकवून बाहेर बघत राहायच्या. झोपायच्या नाहीत. शिणलेल्या माणसाला झोपही लागू नये, असा तो चेहरा होता.

लॅबमध्ये आम्ही दोघीच. काम एकसुरी. तासातासाला साच्याच्या वाळूचा नमुना आणायचा. ओल किती, माती किती, दाणा केवढा, हवा आरपार जाते का, हे तपासायचं. माती वाढली की वाळू कोंडते, ओतलेल्या लोखंडातला वायू बाहेर पडत नाही आणि कास्टिंगला आतून भोकं पडतात. म्हणून आमचा आकडा वाईट आला की साचे भरायची लाइन थांबायची, आणि लाइन थांबली की सगळी फौंड्री आमच्यावर चिडायची. मॅडम कुणाला फारशा आवडत नव्हत्या. त्या कुणाशी भांडायच्याही नाहीत. “निघालं ते लिहिलंय,” एवढं म्हणायच्या आणि पुढच्या चाळणीला हात घालायच्या.

वाळू दाताने बघायला कुठे शिकलात, हे मी तीन-चार महिन्यांनी विचारलं. बस चौकात उभी होती.

“जहाजावर,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण मॅडम थट्टा करत नसत. त्या भूशास्त्राच्या एम.एस्सी. होत्या. वस्तीतून एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणून त्यांच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्यांना संशोधन सहायकाची जागा मिळाली, आणि एका मोहिमेवर त्या चाळीस दिवस हिंदी महासागरात होत्या. समुद्राच्या मधोमध पाण्याखाली एक लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्या आसपासचा गाळ वर काढून तपासायचा, हे त्या मोहिमेचं काम.

मला काही कळेना, हे बघून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शॉपमध्ये, साचे भरायच्या शेडमध्ये, नेलं. साच्यांतून सुटलेली वाळू परत नेणारा एक रुंद पट्टा होता. त्या दिवशी देखभालीसाठी तो रिकामाच, अगदी सावकाश फिरवत होते. वर पत्र्यावरून काळी धूळ सारखी भुरभुरत होती.

“हा पट्टा रुळावरून जिथे वर येतो ना, तिथे बघ. धूळ आहे?”

“नाही. कोरा आहे.”

“आणि तिकडे, टोकाला?”

टोकाला चांगला बोटभर थर होता.

“वरून पडतेय ती सगळीकडे सारखीच. पण टोकाचा भाग जास्त वेळ धूळ खातोय. समुद्राचा तळ असाच सरकतो. त्या डोंगररांगेच्या मधल्या फटीतून आपल्या भट्टीतल्यासारखा रस वर येतो, थिजतो, तो नवा तळ. मग तो दोन्ही बाजूंना हळूहळू दूर जातो. वरून मेलेल्या जिवांची टरफलं, माती, धूळ पडतच असते. फटीपाशी तळ जवळपास उघडा, जसजसं लांब जावं तसतसा गाळ जाड. कुठे किती जाड आहे आणि सगळ्यात खालचा थर किती जुना आहे, हे कळलं की तळ किती वेगाने सरकला तेही कळतं.”

मी विचारलं, “किती वेगाने सरकतो?”

“वर्षाला दोन-चार बोटं. तुला बसमध्ये कंटाळा येतो ना? तसा तिथे कुणाला येत नाही.”

मॅडमचं विनोदाशी एवढंच नातं होतं.

मग त्या आपणहून बोलू लागल्या. चौकात बस थांबली की समुद्र सुरू व्हायचा. दोरीला बांधलेली लोखंडी नळी तळापर्यंत सोडायची, तिच्या वजनाने ती गाळात घुसते, मग वर ओढायची. नळी उभी चिरली की आत थर दिसतात. लांबवरच्या जुन्या तळाच्या नळीत अगदी खाली गंजाच्या रंगाचा पातळ थर. तो त्या फटीजवळच्या उकळत्या झऱ्यांतून आलेल्या लोखंडाचा. त्याच्यावर पांढरा, चुन्याचा. तळ दूर जाताना थंड होतो, खचतो, खोल जातो. एका खोलीनंतर चुना पाण्यातच विरघळतो, म्हणून त्याच्यावर नुसती तपकिरी माती. “एवढ्याशा जागेत त्या तळाचं जन्मापासूनचं सगळं लिहिलेलं असतं,” असं सांगताना त्यांचा हात हवेत नळीएवढी लांबी दाखवत राहायचा. बसमधले लोक बघायचे. त्यांना भान नसायचं.

सतरा नंबरच्या नळीबद्दल मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेही मी फार मागे लागल्यावर.

जहाज दूरवरून मधल्या फटीकडे येत होतं. वाटेत ठरलेल्या जागी नळ्या टाकायच्या. त्या दिवशी मॅडमच्या पाळीत दोन नळ्या निघाल्या. सकाळी सोळा नंबर, फटीपासून लांबची. ती भरून यायला हवी होती. आली जेमतेम हातभर गाळ घेऊन. संध्याकाळी सतरा नंबर, अगदी फटीच्या काठावरची. तिच्यात काहीच यायला नको होतं. ती चार मीटर भरून आली. नळ्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावायचं काम मॅडमचं. मोहिमेच्या प्रमुखांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, “चिठ्ठ्या बदलल्यात तुम्ही.”

“मी म्हटलं, नाही सर, बदलल्या नाहीत. मी सतराचा गाळ दाताखाली घेऊन बघितला होता. मऊ चिखलात मधेमधे कचकच लागत होती. लांबच्या गाळात अशी कचकच नसते. तर सगळे हसले. दात म्हणजे काही यंत्र नाही, असं कुणीतरी म्हणालं. खरंच होतं ते. नोंदवहीत शेरा पडला: नमुन्यांची अदलाबदल, ग्राह्य नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? मी चोवीस वर्षांची. समोर पंचवीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस. आणि...” त्या थांबल्या. “त्या दिवशी मी सोळा तास उभी होते. समुद्र खवळलेला होता, मला उलट्या होत होत्या. पहिला आठवडाभर मला पक्की खात्री होती. नंतर वाटायला लागलं, झालीही असेल चूक. आता तर मला ती संध्याकाळ धड आठवतच नाही. आठवते ती मी पुन्हापुन्हा आठवून बनवलेली.”

मोहिमेवरून परतल्यावर दोन महिन्यांत वडिलांना अर्धांगवायू झाला. त्या घरी आल्या. तिकडची मुदत संपली, ती वाढवून मागण्यासाठी त्यांनी अर्ज केला नाही. “कुठल्या तोंडाने करणार होते? नमुने बदलणारी मुलगी म्हणून?” इथे फौंड्रीत वाळू तपासायला माणूस हवा होता. चाळण्या त्याच होत्या.

हे ऐकलं तेव्हा मला त्यांची फक्त कीव आली. त्या गोष्टीचं वजन कळलं ते माझ्यावर वेळ आली तेव्हा.

मार्चमधली गोष्ट. एका सकाळी दोन नंबरच्या लाइनच्या वाळूत माझ्या तपासणीत माती खूप जास्त निघाली. मी लाइन थांबवायला सांगितली. मोल्डिंगचे सुपरवायझर तुपेभाऊ तावातावाने लॅबमध्ये आले. ते जवळच्याच गावचे, त्यांची जमीन इथल्या कारखान्यांसाठी गेलेली; माणूस रांगडा, पण कामात चोख.

“मॅडम, वाळू बराबर हाय. मी सकाळपासून हातानं बघतोय. ह्या पोरीनं सॅम्पल बदलला आसंल. एक नंबरला काल माती वाढलीच व्हती.”

“नाही बदलला!” मी जोरात म्हणाले. पण म्हणतानाच आठवलं. दोन्ही डबे मी एकदम आणले होते. वाटेत फोन आला होता, डबे खाली ठेवले होते. उचलताना...

मॅनेजर आले. मागे ऑर्डर लटकली होती. ते म्हणाले, “रोकडे मॅडम, सोडून द्या. आकडा खोडा, लाइन चालू करू.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “खोडायचा नाही. दुसरा नमुना काढू. दोन्ही लाइनींचा. मी स्वतः काढते.”

“अहो, दोन तास जातील!”

“जाऊ देत. हिचं बरोबर निघेल नाहीतर तुपेभाऊंचं. काहीही निघो, पण निघायला पाहिजे.”

त्यांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. मॅनेजरनीही नसावा. ते निघून गेले. मॅडमनी दोन डबे आणले, झाकणांवर आधी नंबर घातले, मग आत वाळू भरली. दोन तास आम्ही तिघं त्या लॅबमध्ये होतो. तुपेभाऊ स्टुलावर बसून राहिले.

दोन नंबरची वाळू चांगली निघाली. खराब होती ती एक नंबरची. डबे मीच बदलले होते.

मला रडू आलं. तुपेभाऊ उठले, म्हणाले, “व्हतं आसं, न्हाई मनावर घ्यायचं,” आणि एक नंबरची लाइन थांबवायला गेले. मॅडमनी वही माझ्यापुढे सरकवली.

“लिही. नमुने माझ्याकडून बदलले गेले, वेळ अमुक, पुन्हा काढून खात्री केली.”

“मॅडम, नोकरी जाईल माझी.”

“नाही जात. लिही. आणि रडू नकोस गं. तुला दोन तासांत कळलं.” खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, “मला बावीस वर्षं झाली.”

त्या रात्री मी ठरवलं. संस्थेचा पत्ता शोधला, आणि मॅडमना न विचारता मेल पाठवला. मोडक्या इंग्रजीत, पण सगळं लिहिलं: कुठली मोहीम, कुठली नळी, काय शेरा, आणि ती नळी आज कुठे असेल का. महिना गेला, दोन महिने गेले. मी विसरलेही. मग एक दिवस उत्तर आलं. श्रुती नावाच्या एका तरुण संशोधिकेचं होतं. नळी उभी चिरल्यावर तिचा एक अर्धा भाग तपासायला वापरतात आणि दुसरा हात न लावता, गुंडाळून थंड खोलीत जपून ठेवतात, असं तिने लिहिलं होतं. सतरा नंबरचा तो जपलेला अर्धा भाग अजून होता. ती नेमकी त्याच भागातल्या गाळावर काम करत होती. रोकडे मॅडमची हरकत नसेल, तर ती तो उघडून बघायला तयार होती.

मी मेल मॅडमना दाखवला. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

“कुणी सांगितलं होतं तुला हे?”

“मॅडम, मला वाटलं...”

“आणि मीच बदलल्या असतील तर? आज निदान वाटतं तरी, की कदाचित नसतील. तेही काढून घेणार का तू माझ्याकडून?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, काहीही निघो, पण निघायला पाहिजे.”

त्या उठून बाहेर गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बसमध्येही दुसऱ्या जागेवर बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारी येऊन बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, “कळव त्यांना. उघडा म्हणावं.”

पावसाळ्याच्या अखेरीला श्रुतीचा फोन आला. लॅबमध्ये शॉपचा आवाज एवढा येत होता की मी फोन दोघींच्या मधे धरला आणि आम्ही कान लावून वाकलो.

“मॅडम, नंबर बरोबर आहेत,” श्रुती म्हणाली. “सतरा ही सतराच आहे. गाळात मधेमधे, पाण्यात पटकन थिजलेल्या रसाची जी काच होते, तिचे बारीक तुकडे आहेत, अगदी ताजे, धारदार. ते फटीजवळच्या नव्या खडकाचेच असू शकतात. आणि प्रत्येक थर खाली जाड, वर बारीक, परत खाली जाड, वर बारीक. म्हणजे गाळ वरून पडलेला नाही. आजूबाजूच्या उतारांवरून घसरून एका खोलगट जागी साचलाय. तळ नवाच आहे, पण शेजारचा गाळ त्याच्यावर येऊन बसलाय. तुमची नळी नेमकी त्या खळग्यात पडली. आणि सोळाच्या तळाशी अडकलेला खडकाचा तुकडा काळा पडलेला आहे, जुना. ती लांबचीच आहे. तिथला गाळ पूर्वीच कधीतरी घसरून गेला असणार.”

मॅडमनी वही ओढली, पेन उघडला. मग विचारलं, “काचेचे तुकडे किती थरांत आहेत?”

“सहा.”

“मला पाचच लागले होते,” मॅडम म्हणाल्या. “दाताला.”

फोन ठेवल्यावर त्या चाळण्या घासायला बसल्या. सगळ्या घासल्या. स्वच्छ होत्या त्याही.

श्रुतीने नळी बघायला बोलावलं होतं. मॅडमनी आधी आईचं कारण सांगितलं, मग ऑडिटचं, मग गुडघ्यांचं. शेवटी शेजारणीला दोन दिवस आईपाशी राहायला मीच तयार केलं, आणि निगडीहून सुटणाऱ्या बसने आम्ही गेलो. थंड खोलीत, टेबलावर, प्लास्टिक काढलेली ती नळी ठेवली होती. चार तुकडे, उतरत्या क्रमाने. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच साधं दिसत होतं: राखाडी, सुकत आलेला चिखल. मॅडमनी हात मागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्कर मारली. मग परत. बराच वेळ. श्रुती हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, आमच्या शोधनिबंधात तुमचं नाव घालायचंय. चालेल ना?”

“माझं घाला,” मॅडम म्हणाल्या, “पण आणखी एक नाव आहे. वसंत तांडेल.”

हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. मॅडमनी मग तिथेच उभ्याने सांगितलं. तांडेल हा जहाजावरचा कोकणातला खलाशी. नळी वर आली की दोरी तो सांभाळायचा, नंबर या घालायच्या. अदलाबदलीचा शेरा पडला तेव्हा त्यालाही बोल लागला, आणि पुढच्या मोहिमेला त्याला घेतलं नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. “माझं काय, मला दुसरी नोकरी मिळाली. त्याचं काय झालं, ते मी कधी बघितलंच नाही. धीरच झाला नाही.” श्रुतीने कागद काढला. नाव, गाव, सगळं मॅडमनी न अडखळता सांगितलं.

मॅडम जाऊन आता दोन वर्षं होतील. हृदयविकाराचा झटका, घरीच, रविवारी सकाळी. आईच्या आधी गेल्या, ते एक फार वाईट झालं. आईंना आता त्यांचा पुतण्या सांभाळतो. निबंध मॅडमच्या डोळ्यांदेखत छापून आला. त्यांनी तो एकदा वाचला, दोन जागी पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारलं आणि कपाटात ठेवून दिला. लॅबमध्ये आता मी मोठी आहे. वाळू दाताखाली घेणं मला कधी जमलं नाही, पण दोन रकाने मी अजून आखते. कुणी मॅडमबद्दल विचारलं तर मात्र मला निबंध किंवा नळी आठवत नाही. त्यांनी तांडेलांना फोन केला तो दिवस आठवतो.

श्रुतीनेच नंबर शोधून पाठवला होता. तांडेल गावीच होते. मॅडमनी चार दिवस नंबर नुसता जवळ बाळगला. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर म्हणाल्या, “मनीषा, तू लाव. मी बोलते.” लाइन त्या दिवशी बंद होती, शॉप शांत होतं. पलीकडचा म्हातारा, खणखणीत आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता.

मॅडमनी नाव सांगितलं, मोहीम सांगितली. पलीकडून लगेच हसू आलं.

“रोकडे बाय! ओकत होती आणि लिवत होती, ती! इसरान कसा?”

“तांडेलकाका, ती सतरा नंबरची नळी... आता पुन्हा तपासली. आपण बदलली नव्हती.”

“बदललीच नव्हती,” ते म्हणाले. “माका ठावक होता. सोळा नंबर आत नेऊन ठेवल्यार सतरा पाण्यात सोडली. दोरी माझ्या हातात होती. बदलतली कशी?”

मॅडमच्या हातातला पेन तसाच राहिला.

“तुम्हाला... तुम्हाला पक्कं माहीत होतं?”

“मगे? माका वाटला, तुमका पण ठावक आसतला.”

“मला खात्री नव्हती हो. इतकी वर्षं.”

“अरे देवा. मगे माका इचारूचा होता.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, “हो. विचारायला हवं होतं.” त्यांनी माफी मागितली, आपल्यामुळे तांडेलांचं जहाजावरचं काम गेलं म्हणून. तांडेलांना आधी कळेचना कशाबद्दल. मग ते म्हणाले की काम गेलं नव्हतं, त्यांनीच सोडलं होतं. मुलगी झाली होती आणि चाळीस-चाळीस दिवस घर सोडून राहवत नव्हतं. मग त्यांनी मुलीचं सांगितलं, नातवंडांचं सांगितलं, गावी या म्हणाले.

फोन संपला. मॅडम खुर्चीत बसून होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. शिफ्ट सुटायला अजून दोन तास होते. मी पाणी दिलं, ते त्या प्यायल्या. मग उठल्या, पर्स घेतली, म्हणाल्या, “मी घरी जाते.”

मी तिथे लागल्यापासून मॅडमनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलेली मला आठवत नाही. गेटपर्यंत मी सोबत गेले. मधूनच बाहेर जायचं तर तिथे पास भरावा लागतो. मॅडमनी नाव लिहिलं, विभाग लिहिला, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी थांबल्या, आणि त्यांच्या त्या सरळ, सुट्या अक्षरात लिहिलं: ‘दमले आहे.’

गेटवरच्या सुरक्षारक्षकाने पास वाचला आणि परत पुढे केला.

“मॅडम, असं नाही चालत. आजारी लिहा, नाहीतर घरचं काम लिहा. कारण लागतं.”

“हेच कारण आहे,” मॅडम म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने शिक्का मारला. मॅडम गेटबाहेर पडल्या, रस्ता ओलांडला आणि उन्हात उभ्या असलेल्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत मी बघत होते. त्यांनी सीटवर मान मागे टाकली होती आणि त्यांना झोप लागली होती.